ल मॉर्न: पायांना ओळखीचा डोंगर

मॉरिशसला जाऊन डोंगर चढायचा हे ऐकल्यावर नवरा म्हणाला, अगं सह्याद्री काय कोणी भाड्याने नेलाय का? आणि तसं बघितलं तर त्याचं काही चुकत नव्हतं. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून निघालो होतो, टूरवाल्याने पाठवलेल्या कागदावर बोट, डॉल्फिन, सात रंगांची माती, बीच, परत बीच असं सगळं छान ओळीने लिहून आलं होतं, आणि मी त्यातल्या पाचव्या दिवसावर काट मारून पेनने "ल मॉर्न" लिहिलं. कारण विचाराल तर खोल वगैरे काही नाही. एक फोटो बघितला होता. बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जमिनीची एक चपटी जीभ समुद्रात बाहेर आलीये आणि तिच्यावर मधोमध एकच एक प्रचंड काळा ठोकळा, कडे तुटलेले, खाली हिरवं-निळं पाणी. असा डोंगर दिसला की माझे तळवे खाजायला लागतात, त्याला इलाज नाही.

नवऱ्याने जाहीर करून टाकलं की तो त्या दिवशी पाण्यात पाय सोडून बसणार. बस बाबा.

आम्ही उतरलो होतो ला गोलेट नावाच्या गावात, डोंगरापासून गाडीने अगदी जवळ. विमानतळ बेटाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे येताना अर्धं बेट बघून होतं, आणि अर्धं बेट म्हणजे ऊस. ऑगस्ट महिना, तोडणी चालू होती. त्या उसात मधेमधे काळ्या दगडांचे ढीग दिसायला लागले. ढीग म्हणजे बांधाला लावलेले चार धोंडे नाही हो, घराएवढे ढीग, काही नुसतेच ओतल्यासारखे आणि काही चक्क पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेले, वर गवत माजलेलं. मला वाटलं देवळाबिवळाचे अवशेष असतील. ड्रायव्हर हसला. म्हणाला शेतातले दगड आहेत. जमीन ज्वालामुखीची, ऊस लावायचा तर आधी दगड वेचायला लागणार, ते वेचले आणि एका जागी टाकले, एवढंच. कोणी वेचले? आधी गुलामांनी, मग कुलींनी. कुली हा शब्द त्याने इतक्या सहज वापरला की मीच दचकले, नंतर कळलं तो स्वतःच्या खापरपणजोबाबद्दल बोलत होता.

गेस्टहाउस एका आजींचं. वय सत्तरीच्या पुढे, फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात काळी पोत. मी नवऱ्याशी मराठीत भांडत होते (बॅगेचं कुलूप, चावी कुणाकडे, नेहमीचं) आणि आजी दारातून म्हणाल्या, "चावी हरवली?" मराठीत! त्यांना मराठी म्हणजे आरत्या येतात, थोडं लहानपणी गावच्या बैठकीत शिकलेलं आठवतं, बैठक म्हणजे तिथे संध्याकाळी मुलांना भाषा शिकवायची जागा. बाकी सगळं क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून झालेली तिथली बोली. त्यांचे पूर्वज रत्नागिरी बाजूचे. त्यांच्या मुलाने मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून जुना कागद काढून आणलाय, तिथे गिरमिटियांचे, म्हणजे करारावर मळ्यांत आणलेल्या हिंदी मजुरांचे, सगळे रेकॉर्ड ठेवलेत, त्या कागदावर जहाज, उंची, अंगावरची खूण, एक नंबर आणि गावाचं नाव. ते नाव साहेबाने असं काही लिहिलंय की मी मोबाईलवर झूम करकरून बघितलं तरी कुठलं गाव ते काही केल्या लागेना. नंबर मात्र अगदी स्पष्ट.

सकाळी साडेपाचला गाईड आला. गाईड घेतलाच पाहिजे असं काही नाही, वाट मळलेली आहे, गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहायचं आणि चढायचं, तिकीटही नाही. पण मी एकटी, आणि वरचा टप्पा अवघड आहे असं सगळे सांगत होते, म्हणून घेतला. पन्नाशीचा माणूस, ल मॉर्न गावातलाच, क्रिओल म्हणजे तिथल्या गुलामांच्या वंशातला, पायात साधे कॅनव्हासचे बूट. माझ्या पायात भारीतले ट्रेकिंग शूज. सात वर्षं जुने पण फार न वापरलेले, कपाटात नीट ठेवलेले. हे वाक्य लक्षात ठेवा.

पहिला भाग म्हणजे जीपचा रस्ता. रुंद, लाल-तपकिरी मातीचा, हळूहळू चढणारा, दोन्ही बाजूंना झाडी. कंटाळवाणाच म्हणायचा खरं तर. जाऊन-येऊन अंतर सात किलोमीटरच्या आसपास आणि त्यातला बराचसा हाच. आमच्याबरोबर एक फ्रेंच कुटुंब होतं, त्यांचा सहा-सात वर्षांचा मुलगा पुढे पळत होता आणि आई मागून ओरडत होती, जगातल्या कुठल्याही डोंगरावर हे दृश्य सारखंच. झाडांमधून मधेच डावीकडे खारकच्छ दिसायचं, परत झाडं.

गाईड झाडं दाखवत होता आणि निम्म्या झाडांबद्दल म्हणत होता, हे आमचं नाही. चिनी पेरू, तो बाहेरून आणला आणि जंगल खाऊन बसला. खाली किनाऱ्यावरची फिलाओ, तीही बाहेरची. फिलाओ म्हणजे आपला सुरू! एवढा वेळ मी त्या झाडांकडे बघून "अगदी कोकणासारखं" म्हणत होते आणि निघालं काय तर त्यांच्यासाठीही ते आणलेलंच. या बेटावर मूळ चांगलं जंगल दोन टक्क्यांपेक्षा कमी उरलंय. डच आले आणि त्यांनी एबनी, म्हणजे काळ्या लाकडाची झाडं, तोडली, तो डोडो पक्षी गेला तोही त्यांच्याच काळात, मग फ्रेंच, मग इंग्रज, आणि ऊस तर सगळ्यांनीच लावला. या डोंगरावर थोडं मूळचं शिल्लक आहे ते केवळ कडे आहेत म्हणून. कड्यावर ऊस लावता येत नाही.

आणि एका वळणावर तो थांबला आणि बोट केलं. लाल फूल, घंटीसारखं खाली लोंबणारं, कानातल्या डुलासारखं. क्रिओलमध्येही त्याला बुक्ल दोरेय म्हणजे कानातलंच म्हणतात. ट्रोकेशिया बूटोनियाना, मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, १९९२ सालापासून, आणि निसर्गात ते या एकाच डोंगरावर उगवतं. अख्ख्या देशाचं फूल आणि पत्ता एकच. मी गुडघ्यावर बसून आत डोकावले, तर आत मध होता, तो पण लालसर. मध आणि रंगीत? मी बोट लावणार होते, त्याने "नो नो" केलं. या बेटावरच्या अशा रंगीत मधाच्या फुलांकडे पाली येतात, त्या हिरव्यागार, पाठीवर लाल ठिपके असलेल्या दिवसा फिरणाऱ्या पाली, मध चाटतात आणि डोक्याला पराग लावून पुढच्या फुलावर. मला घरातल्या पालीला बघून खुर्चीवर चढायची सवय, मी मनातल्या मनात तिची माफी मागितली. मागितली नाही खरं तर, पण विचार केला.

मग एक सपाटी येते. इथपर्यंत कुणीही येऊ शकतं, इथून खालचा समुद्र छान दिसतो, इल ओ बेनितिये नावाचं छोटं बेट दिसतं, आणि इथेच एक बोर्ड आहे की पुढे अवघड आहे, स्वतःच्या जबाबदारीवर जा. फ्रेंच कुटुंब इथे थांबलं. मुलगा रडायला लागला, त्याला वर जायचं होतं. मला त्याचं फार पटलं.

बोर्डानंतर डोंगर एकदम बदलतो. माती संपली, कातळ लागला. आता हात वापरायला लागणार, काही ठिकाणी दोर बांधलेत, आणि डाव्या अंगाला बऱ्यापैकी एक्स्पोजर, म्हणजे पाय सुटला तर थेट खाली. गाईड मागून सारखं "दुसमां, दुसमां" म्हणत होता, म्हणजे सावकाश. आणि मी पहिल्या कातळाला हात लावला आणि गंमत झाली. माझ्या हातांना काही विचारावंच लागलं नाही. काळा, खरखरीत, मधे मधे बुडबुड्यांची भोकं, उन्हाकडच्या बाजूला कोमट आणि सावलीत गार, कुठे पकड मिळेल, कुठला दगड हातात सुटून येईल, कुठे घसारा आहे म्हणजे पाय आडवा टाकायचा, सगळं आपोआप. वीस वर्षं सुट्टीच्या दिवशी जे करतेय तेच. डोक्याला वाटत होतं आपण साडेचार हजार किलोमीटर लांब आलोय, पायांना असं काहीच वाटत नव्हतं.

आता इथे जरा थांबून सांगते कारण हे मला रात्री वाचल्यावर नीट कळलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलेय. ओळखीचं वाटलं ते उगीच नाही. जमिनीच्या खूप खाली एक गरम जागा आहे, तिला रीयुनियन हॉटस्पॉट म्हणतात. ती जागा साधारण आहे तिथेच राहते आणि वरची जमीन तिच्यावरून सरकत जाते, तव्यावरून भाकरी सरकवावी तशी, खालून आच एकाच जागी. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराला आपला भारत त्या जागेवरून जात होता, तेव्हा जो लाव्हा बाहेर पडला, थरांवर थर, लाखो वर्षं, तो म्हणजे आपलं दख्खन. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पट्ट्या दिसतात ना, त्याच त्या. भारत उत्तरेला सरकत गेला आणि मागे त्याच आचेवर एकेक डाग पडत गेले, लक्षद्वीप, मालदीव, चागोस, आणि मग आत्ता-आत्ता म्हणजे आठ-नऊ दशलक्ष वर्षांपूर्वी मॉरिशस. आता ती आच रीयुनियन बेटाखाली आहे, मॉरिशसपासून सव्वादोनशे किलोमीटरवर, आणि तिथला ज्वालामुखी अजून अधूनमधून ओकतोच आहे. म्हणजे मी ज्याला हात लावला तो कातळ आणि मी ज्याच्यावर लहानाची मोठी झाले तो कातळ, चूल एकच. फक्त भाकऱ्या वेगवेगळ्या दिवशी भाजलेल्या. हे तिथे चढताना माहीत असतं तर मी त्या दगडाला मिठीच मारली असती, बरं झालं माहीत नव्हतं, गाईडने फी वाढवली असती.

तर चढत होतो. आणि एका दोराच्या टप्प्यावर, डावा पाय उचलला आणि फट्टकन आवाज आला. बघते तर बुटाचा सोल पुढून उघडलेला, मगरीसारखा जबडा आ करून. सात वर्षं कपाटात नीट ठेवलेले बूट! ट्रेकवाल्यांना हे माहीत असतं, बूट वापरून कमी आणि ठेवून जास्त मरतात, आतला गोंद आणि फोम हवेतल्या दमटपणाने नुसतं बसल्या बसल्या कुजतो. मी हे दहा जणांना सांगितलंय. स्वतःच्या बुटाला सांगायचं राहिलं.

गाईडने बघितलं, "कोरेक, कोरेक" म्हणाला (म्हणजे ठीक आहे, तिथे सगळंच कोरेक असतं), खिशातून सुतळीसारखी नायलॉनची दोरी काढली, मला एका बऱ्या जागी बसवलं आणि बुटावर आडवे-तिडवे वेढे घालून असा काही आवळला की पाय बधिर झाला. बांधता बांधता मी विचारलं, वर काय आहे? म्हणजे माझ्या डोक्यात किल्ला. आपल्याकडे असा डोंगर कुणी रिकामा सोडलाच नसता. हा असा कडा, ही अशी एकच वाट, इथे दरवाजा, तिथे बुरूज, वर पाण्याची टाकी, दारूकोठार, पडका वाडा, एखादा मारुती. तो म्हणाला वर काही नाही. गुहा आहेत. लोक लपायचे.

हे मला वरवर माहीत होतं. ल मॉर्नला २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलं ते काही निळ्या पाण्यासाठी नाही. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मळ्यांतून पळालेले गुलाम इथे राहायचे, गुहांमध्ये आणि वरच्या सपाटीवर, छोट्या छोट्या वस्त्या करून. पळालेल्यांना मरून म्हणायचे, आणि मॉरिशसला त्या काळात मरूनांचं प्रजासत्ताक असं नाव पडलं होतं, इतके पळायचे. आफ्रिकेतून आणलेले, मादागास्करहून आणलेले, आणि हो, भारतातून आणलेले सुद्धा. गिरमिटियांच्या खूप आधी. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

पण माहीत असणं आणि त्या टप्प्यावर बसून बूट बांधून घेताना ऐकणं वेगळं. तो बोलत होता फार साधेपणाने, रोजचंच सांगणं असल्यासारखं. फ्रेंचांचा गुलामांसाठीचा कायदा होता, कोड न्वार, या बेटांवर १७२३ पासून. पहिल्यांदा महिनाभर पळून सापडला तर कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा. दुसऱ्यांदा सापडला तर दुसऱ्या खांद्यावर डाग आणि गुडघ्यामागची शीर कापायची. असं म्हणताना त्याने माझ्या पायाला, तो बूट बांधत होता त्याच पायाला, गुडघ्यामागे बोट लावून दाखवलं. तिसऱ्यांदा मृत्यू. मी आपली वर्षभर गुडघा दुखतो म्हणून पट्टा लावून, गोळी घेऊन चढते. त्या शिरेशिवाय हा टप्पा कसा चढणार माणूस, मी मनात पकडी मोजायला लागले, इथे हात, इथे हात, मग पाय कुठे. नाही जमत. म्हणजे जो इथे पोचला तो पहिल्याच वेळी पोचलेला असणार, दुसरी संधी नसायची. हे माझं गणित, इतिहासाच्या पुस्तकातलं नव्हे.

वरचा उरलेला टप्पा वीसेक मिनिटांचा, पण मी तो कसा चढले मला नीट आठवत नाही.

माणसं जिथपर्यंत जातात तिथे एक लोखंडी क्रॉस आहे. डोंगराची खरी उंची ५५६ मीटर पण खरं टोक अजून पलीकडे आहे, मधे एक खोल इंग्रजी व्हीच्या आकाराची घळ आहे आणि तिच्यापलीकडे साध्या माणसाने जाऊ नये. मरून लोक त्या घळीवर ओंडके टाकून पलीकडे जायचे आणि ओंडके ओढून घ्यायचे असं सांगतात. म्हणजे दरवाजा होता की! फक्त दगडाचा नव्हता, उचलून आत घेता येणारा होता.

देखावा काय सांगू. मी ललित लिहिते म्हणून मला यायला पाहिजे पण खरंच येत नाही. पाण्याचे रंग असे की फोटोत खोटे वाटतात आणि तिथे उभं राहिल्यावरही थोडे खोटेच वाटतात. किनाऱ्यापासून लांब पांढरी रेघ, ती प्रवाळाची भिंत, तिच्या आत पाणी उथळ आणि फिकट, बाहेर एकदम गडद. एका बाजूला पाण्याखाली धबधबा कोसळतोय असं दिसतं म्हणून ज्याचे फोटो फिरतात ना, ती जागा हीच, धबधबा वगैरे काही नाही, वाळू आणि गाळ उथळ भागाच्या कडेवरून खोल पाण्यात घसरत जातो त्याचा भास. तो नीट बघायला हेलिकॉप्टर लागतं, मला वरून त्याचा कोपरा दिसला असं मी नवऱ्याला सांगितलंय. एक पांढरा पक्षी कड्याला लागून तरंगत होता, शेपटीत दोन लांब पांढऱ्या काड्या. त्याचं नावच फ्रेंचमध्ये शेपटीतली काडी, एअर मॉरिशसच्या विमानावर तोच आहे.

मी फोटो काढत होते, आणि गाईड समुद्राकडे पाठ करून बसला होता. मला वाटलं रोज बघून कंटाळला असेल. मी त्याच्या शेजारी बसले तर तो जमिनीकडे बघत होता, जिथून वाट येते तिकडे, गावाकडे, ऊस दिसतो तिकडे. म्हणाला, आजोबा सांगायचे, वर बसायचं तर इकडे तोंड करून बसायचं. लोक तिकडूनच यायचे.

आणि ती गोष्ट मग त्यानेच सांगितली, मी विचारली नव्हती. १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामी संपली. ते सांगायला शिपायांची तुकडी डोंगराकडे आली, वरच्यांनी शिपाई बघितले आणि त्यांना वाटलं धरायला आले. आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. तोंडी चालत आलेली गोष्ट आहे, सरकारी कागदात शोधायला जाऊ नये. तो सांगताना "ते" म्हणत नव्हता, "आम्ही" म्हणत होता. आम्हाला वाटलं धरायला आले.

मला तिथे काही बोलता आलं नाही म्हणून मी बिस्किटं काढली. त्याने दोन घेतली.

खरं सांगायचं तर मला त्या गोष्टीपेक्षा तिच्या पुढचं जास्त लागलं, जे कागदावर आहे. १८३५ ला साधारण ६६ हजार गुलाम मोकळे झाले, आणि भरपाई मिळाली ती मालकांना, वीस लाख पौंडांच्या वर. ज्यांना मोकळं केलं त्यांना काय, तर त्याच मालकांकडे "शिकाऊ" म्हणून राहायचं, ते संपलं १८३९ मध्ये. म्हणजे शिपाई खरंच काय निरोप घेऊन आले होते? खाली या, आता तुम्ही शिकाऊ आहात. शंभर वर्षं ऊस तोडणाऱ्यांना ऊस तोडायला शिकवणार होते. माझं डोकं अशा ठिकाणी फार तापतं. आणि मोकळे झाल्यावर हे लोक मळ्यात थांबणार नाहीत हे मालकांना दिसतच होतं, म्हणून आधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, ॲटलस नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरवले होते. तीन महिने आधी! तिथून जवळजवळ पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. बिहारची, तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून आपलीही. म्हणजे आजींच्या कागदावरचा तो नंबर आणि या गाईडचे आजोबा, एकाच वाक्याचे दोन तुकडे आहेत. एकाने दगड टाकला आणि दुसऱ्याने उचलला.

उतरताना अर्थातच हाल झाले. दोरी बांधलेल्या बुटाला पकड नाही, शेवटी मी तो काढून मोज्यावर उतरले, दोरांचे टप्पे बसून बसून, पॅन्टची वाट लागली. गाईड माझ्या खाली राहून प्रत्येक पाऊल हाताने धरून ठेवत होता, दुसमां. मोज्यातून कातळ आणखी ओळखीचा लागतो हे मात्र कळलं. लहानपणी अनवाणी चढायचो तेव्हाचा.

गेटवर रजिस्टरमध्ये उतरल्याची वेळ लिहायची. त्याने माझ्या नावापुढे वेळ टाकली आणि माझा मेलेला बूट उचलून विचारलं, हा ठेवू? दुरुस्त होतो म्हणाला. मी दुसरा पण दिला. मोज्यांवर गाडीत बसले.

नवरा लाल होऊन बसला होता, उन्हाने. "कसा होता डोंगर?" मी म्हटलं आपल्यासारखाच. "मग मी तेच म्हणत होतो," असं म्हणून तो जिंकल्यासारखा झोपून गेला.

संध्याकाळी आजींच्या मागच्या अंगणात गेले, चप्पल मागायला. तिथे कोंबड्या आणि अंगणाच्या कडेला तोच काळ्या दगडांचा ढीग, माझ्या खांद्याएवढा, वर कपडे वाळत घातलेले. पूर्वी मागे सगळा मळाच होता, त्यातला एवढा तुकडा त्यांच्या आजोबांनी विकत घेतला, दगडांसकट. आजी चप्पल शोधत होत्या आणि मी त्यांना ती हॉटस्पॉटची गोष्ट सांगायला लागले, तव्याची, भाकरीची, अर्धी मराठीत, अर्धी इंग्लिशमध्ये, हातवारे करून, की हा दगड आणि कोकणातून वर बघितलं की दिसतात त्या डोंगरांचा दगड, एकाच आगीतला. त्यांना किती कळत होतं कुणास ठाऊक, पण ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, "तिथे पण काळा दगड?"

"हो. असाच."

"खूप?"

"खूप. सगळा डोंगरच."

आजींनी त्या ढिगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मग इथे कशाला आले?" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की कोंबड्या उडाल्या, आणि हसतच चप्पल माझ्या पायाशी टाकून कपडे गोळा करायला लागल्या, पाऊस येणार होता.